बसणारीचं माप

नुसती सीट काखेत मारून आणणाऱ्या माणसाला मी पायरीवरूनच परत पाठवतो. गाडी आणा, गाडीवर जो बसतो त्याला आणा, मग बोलू. एकतीस वर्षं हा नियम पाळलाय. लोक म्हणतात, म्हातारा तिरसट आहे. आहेच. तिरसटपणा केला नसता तर आज गावभर माझ्या हातच्या वाकड्या सीटा फिरत असत्या, आणि त्यांच्यावर बसणारे कंबर धरून मला शिव्या घालत असते.

काम सांगतो, म्हणजे नियम कशासाठी ते कळेल. मोटारसायकलच्या सीटचं कव्हर काढलं की खाली पिवळट फोमचा ठोकळा निघतो, आणि त्याच्याखाली प्लास्टिकचा तळ. त्या फोमवर मी खडूची पूड चोळतो, वर काळं कापड टाकतो आणि माणसाला रोजच्यासारखं बसायला सांगतो. हात हँडलवर, पाय जमिनीवर. पाच मिनिटांनी उठवलं की कापडाच्या खालच्या बाजूला बुडाच्या दोन हाडांच्या पांढऱ्या खुणा उमटलेल्या असतात. कुणाच्या जवळजवळ, कुणाच्या लांब, कुणाची एकच बाजू जास्त दाबलेली. तिथून पुढे सुरी. हाडांखाली घट्ट फोम, मागे टेकायला थोडा उंचवटा, पुढे मांड्यांच्या मध्ये निमुळतं. मग उघड्या फोमवर प्लास्टिकची पिशवी बांधायची आणि त्या माणसाला अर्धा तास गाडी फिरवून आणायला लावायचं. कुरकुर असली तर परत सुरी. कुरकुर संपली की मग माझी बायको कव्हर शिवायला घेते. ज्यांना घाई आहे त्यांनी दुसरीकडे जावं.

आणि हे सगळं माहीत असून मी त्या गोडबोल्याची नुसती सीट ठेवून घेतली.

गोडबोल्या हे मी ठेवलेलं नाव. पस्तिशी-चाळिशीतला माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, कुठल्याशा शाळेच्या ऑफिसात कामाला. पायरीवर उभा राहून आधी चपला काढल्या. माझ्या दुकानात कुणी चपला काढत नाही, खाली पिना पडलेल्या असतात. मी तसं सांगितलं तर म्हणाला, "काका, कामाची जागा आहे, चपला घालून कसं यायचं?" मी एवढा घोड्यासारखा वाढलो, पण तेवढ्याने विरघळलो. मग म्हणाला, "तुमचं नाव फार ऐकलंय. बायकोची गाडी आहे. तिची पाठ दुखते. डॉक्टर म्हणाले, सीट जाड आणि मऊ पाहिजे. दीड इंच फोम वाढवा, आणि जरा रुंदही करा, ऐसपैस."

"त्यांना घेऊन या," मी म्हणालो.

"आणली असती हो. पण तिला संकोच वाटतो. परक्या माणसासमोर तसं बसायचं, त्याने मागून बघायचं... तुम्ही समजू शकता. अकरा वर्षं संसार झालाय काका, तिचं माप माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?"

इथे मी घसरलो. खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं. पुरुष गिऱ्हाइकाला मी सरळ सांगतो, बूड मागे घ्या, पाठ सोडा, गुडघे आत. बाईला हे कसं सांगायचं ते मला एकतीस वर्षांत जमलेलं नाही. बायका येतात, नाही असं नाही. पण त्या आल्या की मी बायकोला पुढे करतो आणि स्वतः सुरीला धार लावत बसतो. त्या दिवशी बायको तिच्या बहिणीकडे गेली होती. म्हटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला. सीट टेबलावर घेतली, उलटीपालटी करून पाहिली, आणि दोन दिवसांत दीड इंच वाढवून दिली. दिसायला अशी देखणी झाली की मी स्वतःच तिच्यावरून दोनदा हात फिरवला.

तीन आठवड्यांनी, दुपारचं जेवून आम्ही नवरा-बायको कामाला बसलो होतो, तेव्हा एक बाई आल्या. तिशी ओलांडलेल्या, बुटक्या, उजव्या कोपराला पट्टी. मोटारसायकल होती, पण चालवत नव्हे, टळटळीत उन्हात ढकलत आणली होती. घामाने डबडबल्या होत्या. बायकोने न विचारता पाणी दिलं. त्या ते उभ्यानेच प्यायल्या.

"काका, ही सीट माझ्या मिस्टरांनी तुमच्याकडून करून नेली होती. ती पुन्हा होती तशी होईल का? गाडी विकतोय आम्ही. घेणाऱ्याला मूळची सीट हवीय."

माझ्या हातची सीट परत करायला कुणी आलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. "का? काय खोट आहे तिच्यात?"

"तिच्यात नाही. माझ्यात आहे. मला गाडी जमत नाही."

हे त्यांनी असं सांगितलं की जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत. मी मात्र सीटवरच अडकलेलो. म्हणालो, "जमत नाही कसं? दीड इंच फोम चढवलाय मी. वरचा थर सगळ्यात भारीतला. बाजूंनी रुंद केलीय. पाठदुखीला याच्यापेक्षा चांगली सीट तुम्हाला कुणी बनवून दिली तर मी उद्यापासून दुकान बंद करतो."

"चढवलाय?" त्या म्हणाल्या.

"दीड इंच. मोजून घ्या."

"मी दोन इंच कमी करायला सांगितलं होतं."

"कुणाला?"

"त्यांना. चिठ्ठी लिहून दिली होती. दोन इंच कमी आणि पुढून अरुंद. माझे पाय टेकत नाहीत म्हणून."

"आणि तुमची पाठ?"

"माझ्या पाठीला काय झालंय?"

मागे बायकोचं शिलाईचं मशीन थांबलं. चालू मशीन ती मध्येच कधी थांबवत नाही, टाका सैल पडतो म्हणते.

बाईंनी बाहेर सीटकडे बघितलं. मग बायकोने सरकवलेल्या स्टुलावर बसल्या आणि सांगायला लागल्या. एका लॅबमध्ये कामाला होत्या, रक्त-लघवी तपासतात तिथे. इतकी वर्षं आत बसून बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम. आता चिठ्ठ्या लावणारं मशीन आलं, आतली माणसं कमी होणार. बाहेरची एक फेरी रिकामी होती: मोटारसायकलवर मागे पेटी बांधायची, घरोघर जाऊन लोकांचं रक्त काढून आणायचं. काम पक्कं. त्यासाठी लॅबचे साहेब ट्रायल घेतात. लॅबच्या मागे चढ आहे, त्यावर भरलेली पेटी मागे घेऊन मधोमध थांबायचं, पाय टेकायचा, परत निघायचं. असं तीनदा. दोन संधी. पहिल्या संधीला या चढावर थांबल्या, पाय खाली सोडला, तो जमिनीपर्यंत पोचलाच नाही, आणि गाडी, पेटी आणि बाई तिन्ही आडव्या झाल्या.

"मला वाटलं, दोन इंच कमी करूनसुद्धा पाय पुरत नाहीत. म्हणजे आता आपल्यातच खोट आहे," त्या म्हणाल्या. "घरी म्हटलं, सीट अजून उंचच वाटते. तर म्हणाले, नवा फोम आहे, महिन्याभरात बसेल, काकाच म्हणालेत."

"मी? मी म्हणालो?"

"म्हटलं, मी स्वतः जाऊन काकांना विचारते. तर म्हणाले, नको, तो म्हातारा तिरसट आहे, बायकांशी नीट बोलत नाही, तुझा अपमान करेल."

मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "त्यात खोटं काय?"

"मग मी बुटांना जाड तळ लावून घेतला. चांभाराकडे बूट त्यानेच नेऊन दिले. स्वतः. परत आणून स्वतः माझ्या पायात घालून बघितले." नवऱ्याला त्या आता 'त्याने' म्हणायला लागल्या होत्या, आणि आवाज चढायला लागला होता. "पडले तेव्हा दवाखान्यात माझ्या शेजारी बसला होता. डॉक्टर खडे काढत होते आणि हा फुंकर घालत होता. म्हणाला, तुला म्हणून सांगतो, वाईट वाटून घेऊ नकोस, नाचता येईना अंगण वाकडं असं करण्यात अर्थ नसतो. सगळ्यांना सगळं जमत नाही."

अंगण ह्याने स्वतः वाकडं केलेलं, आणि वर तिलाच म्हण ऐकवतो. माझ्या हातात सुरी होती, ती मी खाली ठेवली. हातात राहिली असती तर टेबलाचा एखादा कोपरा उडाला असता.

"दुसरी संधी कधी?" बायकोने विचारलं.

"उद्या सकाळी आठला. पण मी जाणार नव्हते. राजीनामा लिहून तयार आहे." पर्समधून घडी केलेला कागद काढला. अक्षर छापल्यासारखं सुरेख. "त्यानेच लिहिलाय. माझं अक्षर बरं नाही म्हणून. सही तेवढी बाकी आहे."

मग बायको माझ्याकडे वळली. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण गिऱ्हाइकासमोर तिने मला कधी झाडलं नव्हतं. म्हणाली, "अहो, सीट बसणाऱ्याची असते, आणणाऱ्याची नसते, हे जगाला सांगत फिरता ना? मग बसणारीला विचारायला काय जीभ झडली होती तुमची?"

"ती लाजते म्हणाला तो."

"ती लाजते की तुम्ही लाजता?"

अडकलो की मी खेकसतो. म्हणालो, "बडबड बंद कर आणि कापड आण. ताई, गाडी आत घ्या. उद्या आठ म्हणजे माझ्याकडे आजची संध्याकाळ आहे."

पिना उपसल्या, कव्हर सोललं. मीच चिकटवलेला दीड इंचाचा थर मी दोन्ही हातांनी ओरबाडून काढला. सोल्यूशन चांगलं बसलं होतं, माझंच काम, सुटता सुटेना. मूळचा फोम वर आला तशी खडूची पूड चोळली, काळं कापड टाकलं. बाई बसल्या. सवयीने मी सुरीच्या दगडाकडे वळलो, तर बायको म्हणाली, "कुठे निघालात? इकडे उभे राहा आणि बघा."

मग मी मागे उभा राहिलो आणि सांगितलं, बूड मागे घ्या, ताई. पाठ सोडा. गुडघे आत. जमीन फाटली नाही, आभाळ कोसळलं नाही. त्यांनी सांगितलं तसं केलं. एवढंच होतं ते.

खुणा पाहिल्या, दोन्ही सारख्या, सरळ बसणारी बाई. आता सीट नुसती खाली घेऊन भागत नाही, हे लोकांना कळत नाही. पाय पुरत नसतात ते अर्धे उंचीमुळे आणि अर्धे रुंदीमुळे. पुढचा भाग रुंद असला की मांड्या फाकतात आणि पाय तिरके पडतात. म्हणून मी उंची सव्वा इंच उतरवली आणि पुढून दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच तासलं. फोम पातळ झाला की खालचा तळ हाडांना लागतो, म्हणून खुणांच्या जागी दोन खळगे कापून त्यात घट्ट फोमचे तुकडे बसवले. सुरी, मग घासायची चकती, मग पुन्हा सुरी. डोळ्यांत, नाकात, भुवयांवर पिवळा भुगा. बाई समोर बसून एकेक काप बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, "एवढंसं काम होतं हे?" मी मान वर केली नाही.

पिशवी बांधून त्यांना पुलाच्या चढावर पाठवलं. पहिल्यांदा परत आल्या, म्हणाल्या डावीकडे काहीतरी टोचतंय. डावीकडे चकती मारली. दुसऱ्यांदा म्हणाल्या, चढावर मागे घसरायला होतं. मागचा उंचवटा पाव इंच पुढे ओढला. तिसऱ्यांदा गेल्या त्या पंचवीस मिनिटं आल्याच नाहीत. मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. बायको म्हणाली, पडल्या असतील तर तुम्ही बघून उचलल्या जाणार आहेत का, आत या. मग गाडीचा आवाज आला. थांबल्या, आणि खाली बघत दोन्ही टाचा जमिनीवर दोनदा आपटल्या.

"पूर्ण टेकतात," त्या म्हणाल्या. "सात वेळा चढले. सातही वेळा टेकले." चेहरा लाल झाला होता. मला वाटलं होतं आनंदाने, पण तो संताप होता. "तीन आठवडे मी स्वतःला शिव्या दिल्या, काका. तीन आठवडे."

बायकोने रेक्झिन कापायला घेतलं. दिवेलागणीला गोडबोल्या आला. ह्या वेळी चपला काढल्या नाहीत.

"अगं, तू इथे होय? घेणारा माणूस घरी येऊन बसलाय, मी इकडेतिकडे शोधतोय." मग नजर टेबलावर गेली, तासलेल्या फोमवर. "काका, हे काय? मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"तुम्ही सांगितलं होतं ते करून दिलं होतं," मी म्हणालो. "आता बसणारीने सांगितलंय ते करतोय."

तो हसला. त्याच्याइतकं गोड हसणारा माणूस मी पाहिलेला नाही. आपल्या बायकोला म्हणाला, "चल, घरी जाऊन बोलू."

"इथेच बोल," बाई म्हणाल्या. "मी दोन इंच कमी सांगितलं होतं. तू दीड वाढवलंस."

"तुझ्याच भल्यासाठी. रस्त्यावर लोक कशी वाहनं चालवतात ते रोज बघतेस ना? उद्या एखाद्या ट्रकखाली गेलीस म्हणजे? मला घोर लागून राहतो, तुला काय माहीत."

"म्हणजे ट्रकखाली जाऊ नये म्हणून तू मला चढावर पाडलंस."

"मी पाडलं? मी तर तिथे नव्हतोसुद्धा."

"दीड इंचाने पाडलंस. आणि मग शेजारी बसून फुंकर घातलीस. भीती वाटत होती तर तोंडाने सांगायचं होतंस, भीती वाटते, जाऊ नकोस. मी भांडले असते, पण मला कळलं असतं कुणाशी भांडतेय. तू मला माझ्याच पायांशी भांडायला लावलंस."

गोडबोल्या गडबडला. इकडे तिकडे बघितलं आणि त्याला मी दिसलो. बुडत्याला काडीचा आधार. म्हणाला, "काकांना विचार हवं तर. एवढा अनुभवी माणूस. चुकीचं असतं तर त्यांनी केलं असतं का? चांगली उलटीपालटी करून पाहिली होती सीट त्यांनी. एक शब्द बोलले नाहीत."

सणसणीत शिवी माझ्या ओठांवर आली होती. पण बाई माझ्याकडे वळल्या होत्या. हळू आवाजात विचारलं, "काका, नुसती सीट बघून कळतं का हो, बसणारा केवढा आहे ते?"

एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. सांगायची नव्हती. ती सीट पहिल्या दिवशी टेबलावर घेतली तेव्हा तिच्या पुढच्या दोन्ही कडा चेपून पार सपाट झालेल्या मी पाहिल्या होत्या. उंच माणसाच्या सीटच्या कडा अशा होत नाहीत. ज्याचे पाय पुरत नाहीत, जो दर थांब्याला पुढे सरकून एका मांडीवर सगळा भार टाकतो, त्याच्याच होतात. आणि पाठदुखीवाला मागे रेलतो, त्याचा फोम मागच्या बाजूला दबतो. हा मागे कोरा करकरीत होता. पाहताक्षणी मला कळलं होतं, बसणारी बुटकी आहे आणि तिला सीट खाली हवी आहे. नवरा खोटं बोलतोय एवढं लांबचं मी धरलं नव्हतं, पण तो उलटं सांगतोय एवढं नक्की कळलं होतं. तरी मी फोम चढवला. मनात म्हटलं, नवरा-बायकोचं त्यांचं ते बघून घेतील, आपल्याला काय करायचंय. पुरुष माणूस समोर उभा राहून सांगतोय, नीट बोलतोय, चपला काढून आलाय.

"कळतं," मी म्हणालो. "मला कळलं होतं."

बायकोच्या हातातली कात्री थांबली. गोडबोल्या म्हणाला, "बघ," पण पुढे काय बघायचं ते त्यालाही कळलं नसावं.

बाईंनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. मी वाट बघत होतो की आता फैलावर घेतील. माझी तयारी होती, चार शब्द ऐकून घेतले असते, दोन सुनावले असते, मोकळा झालो असतो. पण त्या नवऱ्याकडे वळल्या. पर्समधून तो राजीनाम्याचा कागद काढून नवऱ्याच्या हातात ठेवला. "अक्षर तुझं आहे, सहीही तूच कर," म्हणाल्या. "आणि घेणाऱ्याला सांग, गाडी विकायची नाही."

"घरी येणारेस ना?" त्याने विचारलं. आता आवाजात गोडी नव्हती.

"माझं घर आहे, येणार नाही तर कुठे जाणार? सीट झाली की येते. तू पुढे हो."

तो गेला. बाई बायकोच्या मशीनशेजारी स्टूल ओढून बसल्या आणि शिवण कशी घालतात ते विचारत राहिल्या. दोघी तासभर बोलत होत्या. मी एकीकडे पिना ठोकत होतो. सीट गाडीवर चढवून दिली तेव्हा त्या बायकोला "येते, काकू" म्हणाल्या आणि निघाल्या.

सकाळी मी बायकोला रेक्झिन आणायला जातो असं सांगून लॅबच्या मागच्या गल्लीत जाऊन उभा राहिलो. ती समजायचं ते समजली असणार, रेक्झिन दोन गठ्ठे घरात पडलं होतं. साहेब हातात पाटी आणि कागद घेऊन चढाच्या टोकाला उभे. पेटी मागे बांधलेली. बाई आल्या, मधोमध थांबल्या. दोन्ही टाचा टेकल्या. गाडी बोटभरही मागे आली नाही. निघाल्या, वळून आल्या, परत थांबल्या. तिसऱ्यांदा तर डावा हात हँडलवरून सोडून कोपराची पट्टी नीट केली. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "परवापासून फेरी घ्या." माझी छाती अशी फुगली की जणू मीच पास झालो.

त्यांनी मला पाहिलं होतं. गाडी घेऊन सरळ माझ्यासमोर येऊन थांबल्या, टाचा जमिनीवर.

"सीट चांगली झालीय, काका. कुठे टोचत नाही."

"अजून बसेल ती," मी म्हणालो. "महिन्याभराने या, ताण बघून देतो. कडेचा टाका कधीकधी सैल होतो."

"नाही येणार. काकूंना सांगा, शिलाई सुरेख आहे. पण पुढचं काम मी दुसरीकडे करून घेईन."

"का?" विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

त्यांचा आवाज चढला नाही. "तो माझा नवरा आहे. मला गमवायची भीती होती म्हणतो. खरं का खोटं ते मी बघून घेईन, त्याला सोडणार नाहीये मी. पण त्याला निदान काहीतरी हवं होतं म्हणून तो खोटं बोलला. तुमचं काय जात होतं, काका? तुम्हाला तर दिसलं होतं."

मी नेहमी काहीतरी फेकून मारतो उत्तरादाखल. तोंड उघडलं, आणि काहीच निघालं नाही. त्या थोडा वेळ थांबल्या, खरंच उत्तराची वाट बघत असल्यासारख्या. मग हेल्मेट घातलं आणि गेल्या.

दुकानात आलो. बायको मशीनवर होती. "झाल्या का पास?"

"झाल्या."

"मग तोंड असं का?"

मी सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. वाटलं होतं, ती तरी म्हणेल, जाऊ द्या हो, रागाच्या भरात बोलतं माणूस. तिने कापड सरळ केलं आणि दोरा दातांनी तोडला.

"मीही काल रात्रीपासून तेच विचारणार होते," ती म्हणाली. "आता तिने विचारलंच आहे, तर मलाच सांगा."

मी सुरी घेतली, दगड घेतला आणि धार लावत बसलो. तिने मशीन सुरू केलं नाही.